टाळीच्या आधी

क्षमाच्या घरात एक शब्द संध्याकाळभर टीव्हीवर पेटायचा, विझायचा, आणि दर वेळी नेमका तिच्याच काळजात रुतायचा. लेट.

दहा वर्षांची ऋतिका सोफ्याच्या कडेला बसून क्रिकेटचा गेम खेळायची. पडद्यावर गोलंदाज धावत यायचा, चेंडू टप्पा खायचा, ऋतिकाचा अंगठा बटणावर पडायचा, बॅट फिरायची आणि फलंदाजाच्या डोक्यावर लाल अक्षरं उमटायची: लेट. पुन्हा चेंडू, पुन्हा लेट. मधेच एखादा हिरवा ‘परफेक्ट’ यायचा, तेव्हा स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता क्षमाचा हात थांबायचा. लगेच पुढच्या चेंडूला पुन्हा लाल.

“मम्मी, टीव्ही मागं राहतोय गं,” ऋतिका ओरडायची.

“टीव्ही कसा मागं राहील?” आज्जा पेपरातून डोकं वर काढायचे. “त्याला काय पाय हाईत? तूच जरा चटाचटा दाब की.”

आज्जा म्हणजे क्षमाचे सासरे जिनदत्त आप्पा. निपाणीत उभा जन्म तंबाखूचा व्यापार केलेला माणूस, आता सगळा कारभार सोडून देव आणि टीव्ही एवढ्या दोनच ठिकाणी बसणारा. गेमचं मशीन घरात आलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती. “बंदूक, तलवार, मारामारी असलं काय आपल्या घरात चालणार न्हाई. खोटा का हुईना, जीव जीवच.” म्हणून पुण्याच्या मामानं मशीनबरोबर क्रिकेटचा गेम पाठवला होता. आप्पांना तेवढा पटला. कधीकधी ते स्वतःच पंचासारखं बोट वर करायचे.

त्यांच्या “चटाचटा दाब” या दोन शब्दांत काही वाईट नव्हतं. पण क्षमा भाकरी तव्यावर टाकून तशीच उभी राहायची.

ऋतिका अकरा महिन्यांची असताना तिला ताप आला होता, तापात आकडी आली होती. निपाणीच्या डॉक्टरांनी हात टेकले, रातोरात बेळगावला नेलं. आठवडाभरानं बाळ हसत घरी आलं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले होते, “पोरगी छान आहे. काही काळजी नाही. फक्त लक्ष ठेवा.”

कुठवर लक्ष ठेवायचं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि क्षमानं विचारलं नाही. ती लक्ष ठेवत राहिली. रांगणाऱ्या बाळाच्या मागं उभं राहून टाळी वाजवायची आणि बाळ वळलं की देवाला हात जोडायचे. चेंडू घरंगळत सोडायचा आणि हात केव्हा पुढं येतो ते बघायचं. पोरगी चालायला लागली, शाळेत जायला लागली, पाढे म्हणायला लागली, तरी ती टाळी सुटली नाही. अभ्यासाला बसलेल्या ऋतिकाच्या मागं जाऊन क्षमा अजूनही एकदम टाळी वाजवायची आणि “डास होता गं” म्हणायची. तिच्या सासूबाई तारामती एकदा म्हणाल्याही होत्या, “एवढे डास आपल्याच घरात कसे काय गं? आणि आपण तर डास मारत न्हाई.”

क्षमानं बी.कॉम. केलं होतं, चार बुकं वाचली होती, मोबाइलवर रात्र रात्र वाचायची. त्यामुळं तिची काळजी अडाणी नव्हती. ती शिकलेली, टिपणं काढणारी काळजी होती. ऋतिका काही करत असली की ती मोबाइलवर चित्रण करायची, स्लो मोशनमध्ये, आणि नंतर एकटीच बघत बसायची. हात कापतो का, नजर कुठं अडते का. नवऱ्याला, अतुलला, ती हे दाखवायची नाही. तो हसला असता, आणि ते हसणं तिला सोसलं नसतं.

आणि आता टीव्हीच तिच्या पोरीला, सगळ्यांसमोर, लाल अक्षरांत सांगत होता. लेट.

गोष्ट पुढं सरकली ती स्पर्धेमुळं. बेळगावात कॅम्प भागातल्या एका हॉलमध्ये शाळकरी मुलांसाठी याच क्रिकेट गेमची स्पर्धा होती. नाव द्यायला सोमवारपर्यंत मुदत होती. ऋतिका मागं लागली होती आणि क्षमा “बघू, बघू” करत होती. चारचौघांत, मोठ्या पडद्यावर, परक्या पोरांच्या देखत तो लाल शब्द येणार, हेच तिला नको होतं.

मामाला फोनवर कळलं तेव्हा तो म्हणाला, “ताई, आधी तुमच्या टीव्हीचा इनपुट लॅग बघ. बटण दाबल्यापासून पडद्यावर ते दिसेपर्यंत जो वेळ जातो ना, तो. काही टीव्ही चित्र आधी घासूनपुसून सुंदर करतात आणि मग दाखवतात. तोवर चेंडू गेलेला असतो. स्पर्धेत वेगवान टीव्ही असतात. घरी असल्या टीव्हीवर सराव करून काय उपयोग?”

क्षमानं दोन दिवस त्याच विषयावर वाचलं. भाऊ म्हणतो ते खरं असावं, असं तिला मनापासून वाटत होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती. आता टीव्हीला दोष देता येत होता. उद्या चांगल्या टीव्हीसमोर बसवली आणि तरीही ‘लेट’च आलं, तर? मग दोष द्यायला काय उरणार?

नवा टीव्ही घ्यायचाय हे आप्पांच्या गळी कसं उतरवायचं, हा प्रश्न मात्र आपोआप सुटला. जुन्या टीव्हीच्या खालच्या कडेला एक काळी पट्टी आली. एरवी त्यांनी ती चालवून घेतली असती. पण आप्पा रोज सकाळी देवदर्शन करून आले की पेन ड्राइव्ह लावून बाहुबलीचा महामस्तकाभिषेक बघायचे. पुतण्यानं श्रवणबेळगोळला केलेलं चित्रण. त्या सोहळ्याला आप्पा स्वतः गेले होते, दूरवर बसून मूर्ती डोळे भरून पाहिली होती. पेन ड्राइव्ह ते जुन्या चांदीच्या करंड्यात ठेवायचे. आणि पट्टी आली होती ती बरोबर भगवंतांच्या पायाशी.

“भगवंताच्या पायाशी काळं?” आप्पा म्हणाले. “अतुल, गाडी काढ. बेळगावला जाऊ.”

शनिवारी सकाळी निघाले. अतुल गाडी चालवत होता, शेजारी करंडा मांडीवर घेऊन आप्पा. मागं क्षमा आणि ऋतिका, दोघींच्या मधे कापडी पिशवीत जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं गेमचं मशीन. तारामतींनी जेवणाचे डबे दिले होते. घरात सूर्यास्तानंतर कुणी जेवत नाही, त्यामुळं बाहेर पडलं की डबा बरोबर हवाच.

क्षमाच्या पर्समध्ये आणखी एक गोष्ट होती, जी कुणालाच माहीत नव्हती. चार वाजताची वेळ. त्याच जुन्या डॉक्टरांकडं, ऋतिकाच्या नावानं. “कॅम्पात माझं जरा काम आहे,” एवढंच तिनं अतुलला सांगितलं होतं.

संकेश्वरच्या पुढं ऊस भरलेला ट्रॅक्टर आडवा आला, मागं दोन ट्रॉल्या. कारखान्याच्या रस्त्याकडं वळत होता. अतुलनं गाडी थांबवली. ट्रॅक्टर पुरा वळून गेला तरी मागची ट्रॉली अजून सरळच चाललेली, उसाचे शेंडे रस्त्यावर घासत.

“मम्मी, बघ,” ऋतिका खिडकीला नाक लावून म्हणाली. “आपला टीव्ही अस्साच आहे. ट्रॅक्टर कवाच वळलेला असतो आणि आपल्याला मागची ट्रॉली दिसत असती.”

“लई बोलती ही,” आप्पा पुढून म्हणाले. पण क्षमा त्या ट्रॉलीकडं बघतच राहिली. दहा वर्षांच्या पोरीला हे सुचलं कसं? आणि खरंच सुचलं होतं, की नुसती सबब होती?

बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानात पाऊल टाकलं तर भिंतभर टीव्ही. एकाच वेळी पन्नास समुद्र, पन्नास मोर, पन्नास कापलेली डाळिंबं. रंग असे की डोळे दिपावेत. ऋतिका “अबब” म्हणून थांबली आणि आप्पांनी नकळत चप्पल दाराबाहेर काढली.

“बर्री आप्पा, या या,” नागेंद्र नावाचा विक्रेता पुढं आला. बोलता बोलता कानडी, मराठी, हिंदी, तिन्हींत उड्या मारणारा हसतमुख माणूस. “चप्पल राहू द्या की पायात. काय दाखवू?”

“हे लाव,” म्हणून आप्पांनी करंडा उघडला.

नागेंद्रनं करंड्यातला पेन ड्राइव्ह पाहिला आणि गोंधळला. “आप्पा, आमच्याकडं डेमो असतोय. फोर-के. बघा, ते डाळिंब बघा.”

“डाळिंब बाजारात बघीन. आमच्या घरी अभिषेक लावून बघितल्याबिगर टीव्ही येत न्हाई. मागचा बी तसाच घेतलाय.”

अतुल हळूच क्षमाच्या कानात म्हणाला, “मागचा पण असाच घेतला म्हणून तर ही पाळी आली.”

क्षमानं टॉवेल सोडून मशीन टेबलावर ठेवलं. नागेंद्रनं ते पाहिलं, मग आप्पांच्या करंड्याकडं पाहिलं, मग छताकडं.

“मला इनपुट लॅग कमी असलेला हवाय,” क्षमा म्हणाली.

“मॅडम, नव्या टीव्हीला लॅग कसला? हा बघा, वन-ट्वेंटी आहे!”

“तो पडदा किती वेळा बदलतो त्याचा आकडा झाला. बटण दाबल्यावर चित्र केव्हा हलतं, ते मी विचारतेय.”

नागेंद्रनं खोकं फिरवून फिरवून पाहिलं. “ते खोक्यावर लिहीत न्हाईत, मॅडम,” तो प्रामाणिकपणे म्हणाला.

“म्हणून तर मशीन आणलंय.”

दुकानात गर्दी नव्हती आणि नागेंद्रलाही मजा वाटायला लागली होती. आधी आप्पांचा मान. सगळ्यात महागड्या, मोठ्या पडद्यावर अभिषेक लावला. दूध असं वाहत होतं की जणू पांढरं रेशीम उलगडतंय. केशराचा रंग झगझगीत. “वा,” आप्पा म्हणाले. “हाच घ्या. चला.”

“आज्जा, थांबा की,” ऋतिका कुरकुरली. मशीन जोडलं. ती एका खोक्यावर बसली, पाय जमिनीला पोचत नव्हते. गोलंदाज धावत आला. चेंडू. बटण.

लेट.

पुन्हा. लेट. लेट.

नवा, महागडा, सगळ्यात मोठा टीव्ही, आणि तरीही तेच. सवयीनं क्षमानं मोबाइल काढला आणि बाजूला उकिडवी बसली, अशी की ऋतिकाचा अंगठा आणि पडदा दोन्ही एकदम दिसावेत. दोन चेंडू टिपले आणि एका कोपऱ्यात, सगळ्यांकडं पाठ करून, हळू केलेलं चित्र लावलं.

चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटला. तरंगत तरंगत खेळपट्टीच्या मध्यावर आला. तिथंच ऋतिकाचा अंगठा खाली गेला, बटणावर टेकला. वेळेवर. अगदी वेळेवर. आणि पडद्यावरचा फलंदाज ढिम्म. चेंडू पुढं सरकतोय, अंगठा टेकलेला आहे, आणि तो बाबा झोपल्यासारखा उभा. चेंडू यष्ट्यांपाशी पोचला तेव्हा कुठं त्याची बॅट जागी झाली.

क्षमानं ते तीनदा पाहिलं. तिला हुंदका आला, तो तिनं खोकल्यात घातला. मागची ट्रॉली. पोरगी अक्षरशः खरं बोलत होती.

“नागेंद्र,” ती वळून म्हणाली, “यात गेम मोड असेल. तो लावा.”

नागेंद्र सेटिंगमध्ये शिरला, एका यादीतून दुसऱ्या यादीत हिंडला, शेवटी एक बटण दाबलं. क्षणभर पडदा काळा झाला आणि परत आला तेव्हा हिरवंगार मैदान जरा फिकट, साधं दिसायला लागलं.

“अरे, रंगच उडाला की!” आप्पा हळहळले. “धुवून काढल्यासारखा केलास की रं.”

“आप्पा, यात टीव्ही चित्राला नटवत बसत न्हाई,” नागेंद्र म्हणाला. “आलं तसं दाखवतोय.”

ऋतिका सरसावून बसली. आता, क्षमाला वाटलं, आता हिरवं येणार. गोलंदाज धावला, चेंडू सुटला, बॅट सपकन फिरली. हवेतच. चेंडू मागून येऊन दांडी उडवून गेला.

डोक्यावर एक निळा शब्द आला. अर्ली.

हा शब्द क्षमानं घरी कधीच पाहिला नव्हता. दुसरा चेंडू, अर्ली. तिसरा, अर्ली. तिन्ही वेळा दांडी. ऋतिकानं ओठ चावले, मान खाली घातली.

“घाई करतीय पोरगी,” नागेंद्र सहज म्हणाला. “लहान हाय, व्हतंय तसं.”

क्षमानं पोरीच्या अंगठ्याकडं पाहिलं. तिथं उशीर, इथं घाई. मग हाताचं नक्की चाललंय तरी काय? हाताला काही कळतच नाही की काय? घड्याळात सव्वातीन झाले होते. चार वाजताचा दवाखाना आता तिला अगदी जवळ, रस्त्यापलीकडं असल्यासारखा वाटायला लागला. ती पुन्हा उकिडवी बसली. मोबाइल धरला. “आणखी एकदा खेळ, बाळा. हारलीस तर हारलीस.”

या वेळी तिनं कोपरा गाठला नाही. तिथंच, फरशीवर बसून चित्र लावलं.

अंगठा खाली गेला आणि त्याच क्षणी बॅट उठली. जणू अंगठा आणि बॅट यांच्यात दोरा बांधला होता. टीव्ही आता मागं नव्हता. पण क्षमाची नजर तिथं थांबली नाही. इतकी वर्षं ती पडदा बघतच नव्हती, पोरीचा हातच बघत आली होती. तिनं चित्र मागं नेलं. अंगठा निघाला कधी?

चेंडू अजून गोलंदाजाच्या मुठीत होता. सुटलेलाच नव्हता. आणि ऋतिकाचा अंगठा वाटेला लागला होता.

क्षमानं मोबाइल खाली ठेवला. “ऋतू, चेंडू सुटायच्या आधीच कशी काय निघतेस तू?”

ऋतिकाला वाटलं आई रागावली. “मग काय करू? घरी चेंडू दिसेपर्यंत तो गेलेलाच असतो. म्हणून मी चेंडू बघतच न्हाई. त्याचा खांदा बघते. खांदा खाली आला की चेंडू जोरात येतो. मनगट असं वळलं की हळू. मग मी चेंडू कसा येणार ते मनात धरते आणि आधीच दाबते. म्हणजे मागची ट्रॉली येईपर्यंत बॅट फिरते.” तिनं नाक ओढलं. “फास्टवाल्याला तरी पण लेट हुतंय कधी कधी. अजून जमत न्हाई मला.”

दुकानातले पन्नास मोर एकदम नाचत होते. क्षमाला त्यातलं काही दिसत नव्हतं.

म्हणजे रोज संध्याकाळी, ती भाकऱ्या थापत असताना, तिच्या पाठीमागं हे चाललं होतं तर. एक एवढीशी पोरगी, कुणी न शिकवता, न आलेल्या चेंडूला सामोरी जात होती. टीव्ही जे दाखवायचा ते होऊन गेलेलं असायचं. ती त्याच्या पुढं जाऊन, जे अजून घडलं नाही तिथं उभी राहून, वाट बघायची. आणि ज्या शब्दानं क्षमाच्या काळजाला भोकं पडली होती तो शब्द तिच्या पोरीचा नव्हताच. तो टीव्हीचा होता. पोरगी एवढी पुढं होती की नीट दाखवणारा पडदा समोर आल्यावरच ते उघडं पडलं.

आपल्या पोटचं पोर आहे हे, असं तिनं मनात म्हणून पाहिलं, आणि तरी क्षणभर तिला ऋतिकाकडं बघताना उंच डोंगराखाली उभं राहून वर बघितल्यासारखं झालं. मान मागं टाकावी लागते, आणि तरी माथा दिसत नाही.

“इथं ट्रॉली नाहीये, बाळा,” ती कसंबसं म्हणाली. “इथं ट्रॅक्टरच आहे. चेंडू बघून मार.”

ऋतिकानं डोळे मोठे केले. “बघून? मग तर सोप्पंय.”

सोपं नव्हतं. सवयीचा अंगठा आधीच पळायचा. आणखी तीन-चारदा दांडी उडाली. नागेंद्रही आता खोक्यावर कोपर टेकून बघत होता. मग एक चेंडू आला, ऋतिका थांबली, थांबली, अगदी शेवटच्या क्षणापर्यंत थांबली, आणि बॅट फिरली. खट् असा आवाज सगळ्या दुकानात घुमला. चेंडू प्रेक्षकांच्या डोक्यावरून दिसेनासा झाला. परफेक्ट. मग पुन्हा परफेक्ट. तिसऱ्याला आप्पांनी पंचासारखे दोन्ही हात वर केले. “षटकार! ए नागेंद्र, बघितलास काय? नात हाय माझी!”

क्षमा दुकानाच्या दाराशी गेली आणि दवाखान्याला फोन लावला. “चारची वेळ होती. आज येणार नाही.”

“मग पुढची कधीची देऊ, मॅडम?”

“लागली तर मीच फोन करीन,” ती म्हणाली. नऊ वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदाच आलं होतं.

परत आली तर आत नवाच पेच. अतुल म्हणत होता हाच टीव्ही घ्यायचा, आप्पा म्हणत होते रंग उडालेला टीव्ही देवघराशेजारी नको. नागेंद्र समजावत होता की दोन्ही सोय होते, गेमला वेगळं, अभिषेकाला वेगळं. दाखवायला म्हणून त्यानं घाईघाईत पेन ड्राइव्ह लावला, पण मोड बदलायचाच विसरला. पडद्यावर मूर्ती आली. साधी, फिकट, दगडाच्या रंगाची.

“बदलतो, बदलतो आप्पा,” नागेंद्र रिमोट शोधायला लागला.

“थांब.”

आप्पा दोन पावलं पुढं गेले. वरून कलश रिता झाला. दूध रेशमासारखं उलगडलं नाही. ते तुटलं, फुटलं, वाऱ्यानं एका बाजूला उडालं, खांद्यावर आपटून थेंब थेंब झालं. आप्पांचे हात आपसूक जुळले.

“असंच हुतं,” ते हळू आवाजात म्हणाले. “वारा सुटलेला त्या दिवशी. माझ्या अंगावर शितोडे आलते. एवढ्या लांब. घरच्या टीव्हीत वाराच न्हवता कधी.” मग डोळे पुसून ते नागेंद्रकडं वळले. “आवाज मात्र बारीक हाय तुझ्या टीव्हीचा.”

“आप्पा, तो रिमोटनं वाढतोय,” अतुल म्हणाला.

“मग वाढवून दे म्हणावं, आणि बांध.”

टीव्हीचं खोकं गाडीत आडवं घालून, त्याच्या कडेला कशीबशी बसून, दिवस मावळायच्या आत रस्त्याकडेच्या एका झाडाखाली डबे उघडून ते जेवले. ऋतिकाला घास भरवायचं वय नव्हतं, तरी क्षमानं एक भरवला. ऋतिकानंही तो मुकाट खाल्ला. गाडीत बसल्यावर क्षमानं मोबाइलवरून स्पर्धेला नाव दिलं आणि कुणाला काही न सांगता फोन ऋतिकाच्या मांडीवर ठेवला. पोरगी वाचून एवढी किंचाळली की अतुलनं गाडी बाजूला घेतली.

रविवारी सकाळी तारामतींनी नव्या टीव्हीला हळदीकुंकू लावलं. आप्पांचा अभिषेक झाला, साध्या रंगात, वाऱ्यासकट. मग ऋतिकानं मशीन जोडलं आणि खेळायला बसली.

क्षमा स्वयंपाकघरातून बाहेर आली. ऋतिका पाठमोरी, मान ताठ, पडद्यात बुडालेली. क्षमाच्या मनात काही नव्हतं. खरंच नव्हतं. पण पाय सवयीनं तिच्या मागं जाऊन थांबले आणि दोन्ही हात आपोआप वर आले.

“हं, काय मम्मी?” ऋतिका न वळता म्हणाली.

क्षमाचे हात अधांतरी राहिले. “मी कुठं वाजवली टाळी?”

“वाजवणार होतीस की. वाजवायच्या आधी तू श्वास घेतीस. जोरात. ऐकू येतं मला.”

“आजच ऐकू आला?”

“न्हाई गं, लहानपणापासनं.” पडद्यावर गोलंदाज धावायला लागला होता, ऋतिकाची नजर हलली नाही. “मग मी थांबते. तू टाळी वाजवलीस की मग वळते. आधीच वळले तर तू घाबरशील म्हणून.”

क्षमा उभीच राहिली. एवढी वर्षं ती मागून लक्ष ठेवत होती, आणि पुढं बसलेलं हे पोर, पाठ करून, तिच्या श्वासावर लक्ष ठेवून होतं. आईची टाळी पोचेपर्यंत थांबत होतं. जसं ते टीव्हीसाठी थांबायचं.

खट् असा आवाज झाला. चेंडू सीमेकडं पळाला.

“आता वाजव की,” ऋतिका म्हणाली. “चौकार गेला.”

आणि क्षमानं, श्वास घ्यायचं विसरून, टाळ्या वाजवल्या.